साठाव्या चेंडूनंतर

लिंबाजी सरांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. भांग ते डाव्या हाताने पाडत, तोही वाकडा. फळ्यावर काही लिहायचं झालं तर गुडघ्यात वाकून अगदी तळाशी लिहीत, आणि मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून वाचत. सकाळी प्रतिज्ञेला सगळ्या शाळेचे हात समोर सरळ, यांचा मात्र पोटापाशीच अडकलेला. त्याच हाताने या माणसाने पंधरा-सोळा वर्षं देशभर फिरून बेसबॉल टाकला होता, असं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

मी भूगोल शिकवते. वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या कडेला शाळा. सर आमच्याकडे मानधनावर क्रीडाशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पोतं होतं. पोत्यात चेंडू, एकाच हातात घालायचे जाडजूड चामडी मोजे आणि एक गोल दांडकं. पहिल्याच दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांची उलटतपासणी घेतली.

"कोणचा खेळ म्हणायचा ह्यो?"

"बेसबॉल."

"म्हंजी क्रिकेटच की."

"न्हाई आबा. क्रिकेटमधी चेंडू टप्पा घेतो. ह्याच्यात घेत न्हाई. टाकणाऱ्याच्या हातातून सुटला की सरळ हवेतून जातो."

"मंग आपल्या गोफणीवानी."

"व्हय. बराबर बोललात," सर म्हणाले, आणि त्या आबांवर त्यांचा कायमचा जीव जडला. कारण त्यांची सुरुवात गोफणीचीच होती. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलणारा हा पोरगा कुणा क्रीडाशिक्षकाच्या नजरेत भरला, आणि गोफण सुटून हातात चेंडू आला. पण आपल्या राज्याच्या संघात त्यांचा नंबर काही लागला नाही. परराज्यातल्या एका संघाला ऐन वेळी टाकणारा हवा होता, त्यांनी बोलावलं. मग दरवर्षी कुणीतरी बोलावत गेलं. महिनाभर राहायचं, खायचं, टाकायचं, स्पर्धा संपली की पिशवी उचलायची. पुढच्या वर्षी दुसरं राज्य, दुसरी जर्सी.

"मी ऊसतोडीवालाच हो मॅडम," ते म्हणत. "फकस्त कोयत्याच्या जागी चेंडू."

या फिरतीत त्यांनी एक फाईल जमवली होती. चौदा राज्यांचे शिक्के असलेली प्रमाणपत्रं. आपल्याकडे खेळाडूंना नोकरीत पाच टक्के राखीव जागा असतात, पण त्यासाठी कागद आपल्या राज्याच्या संघाकडून किंवा आपल्याच राज्याच्या स्पर्धेत खेळल्याचा लागतो. सरांच्या फाईलमध्ये तेवढाच नव्हता. सोन्याची पदकं होती, पण ती सगळी दुसऱ्यांच्या घरची. हे सांगताना ते हसत. ते हसणं मला कधी आवडलं नाही.

चेंडू टाकण्याच्या तऱ्हांना या खेळात इंग्रजी नावं आहेत म्हणे. सरांनी ती आमच्या पोरींना कधी सांगितलीच नाहीत. जी तऱ्हा जिथे शिकले, त्या गावाचं नाव त्यांनी तिला दिलं होतं. नुसता वेगाने येणारा तो रोहतक. बाहेरून आत वळणारा जालंधर. हळू येऊन शेवटी बसकण मारणारा कोल्लम. मैदानावरून ओरडत, "ज्योती, जालंधर टाक! आता कोल्लम! कोल्लम म्हणलं ना, जालंधर काहून टाकून राहिली?" आणि रस्त्याने जाणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

याचा मला एकदा चांगलाच प्रसाद मिळाला. आठवीच्या वर्गात नकाशा लावून मी विचारलं, "कोल्लम कुठे आहे?" तांड्यावरून येणारी ज्योती राठोड उठली. ही मुलगी वर्षात चार शब्द बोलायची. म्हणाली, "मॅडम, कोल्लम शेवटाला खाली बसतं." वर्ग हसला, मी चिडले, तिला उभं ठेवलं. मधल्या सुट्टीत सरांकडे तक्रार घेऊन गेले तर ते पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "नकाशा द्या एक दिवस," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळा संघ मैदानात पालथा पडून नकाशावर सरांचे चेंडू शोधत होता. त्या वर्षी नकाशाचा प्रश्न त्या पोरींपैकी कुणाचा चुकला नाही.

आमचं मैदान म्हणजे वर्षातले नऊ महिने मैदान. हळद शिजवायचे दिवस आले की गावातले लोक तिथे हळद वाळत घालत. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण निम्मा गाव संस्थेचा सभासद. सर पोरींना घेऊन उरलेल्या कोपऱ्यात खेळवत. चेंडू हळदीत जाई आणि पिवळा होऊन येई. पुढे बाहेरच्या जिल्ह्यात खेळायला गेलो तेव्हा एका पंचाने आमचा सरावाचा चेंडू हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?" सर म्हणाले, "आमच्याकडचा चेंडू असाच असतो. जखम झाली तरी पिकत न्हाई."

आता चिंचोक्यांचं सांगते. कारण सर म्हणजे चिंचोके, आणि जे झालं तेही त्यांच्यावरूनच झालं.

सरांच्या डाव्या खिशात साठ चिंचोके असत. पोरीने एक चेंडू टाकला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की त्या पोरीचं त्या दिवशीचं टाकणं बंद. मग सामना असो, सराव असो, ती जिंकत असो की हरत असो. पोरींनी त्यांचं नावच साठ सर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. ज्योती टाकत होती, दांडकं घेऊन उभ्या राहिलेल्या एकीलाही चेंडू लागत नव्हता, पाहुणे खूश होते. अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली आणि तेवढ्यात सरांनी पोतं उघडून चेंडू आत टाकला.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले.

"साठ झाले साहेब. दुकान बंद."

"अहो, पाहुणे आलेत. टाकू द्या की दहा-पाच."

"उद्या या. उद्या पुन्हा साठ हायेत."

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मानधनावरचा माणूस, ज्याची नेमणूक दरवर्षी याच अध्यक्षांच्या सहीने व्हायची! पण सर पोत्याचं तोंड बांधून निघूनही गेले. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "सर, पाच चेंडूंनी काय आभाळ कोसळणार होतं?" तेव्हा त्यांनी मला रोहतकची गोष्ट सांगितली.

एका दिवसात तीन सामने होते. दोन त्यांनी टाकले होते. तिसऱ्याच्या आधी तिथल्या प्रशिक्षकाने पाठीवर हात ठेवून विचारलं, दुखतंय का? हा संघ जिंकला तर एका सरकारी खात्यात कायम करून घेऊ, असा शब्द दिलेला होता. सर म्हणाले, नाही दुखत. सामना जिंकला. खांद्यात काहीतरी तुटल्याचं त्यांना तेव्हाच कळलं होतं, पण तुटल्यानंतरही त्यांनी दोन डाव टाकले. पुढे खात्याला हात नसलेला टाकणारा नको होता.

"त्या मास्तरचा राग न्हाई मला," सर म्हणाले. "त्यानं इचारलं होतं. खोटं मी बोललो. तवापासून मी कोण्या लेकराला दुखून राहिलं का म्हणून इचारतच न्हाई मॅडम. लेकरं खोटं बोलतात. चिंचोके बोलत न्हाईत."

ज्योती दहावीत गेली तेव्हा आमचा संघ राज्य पातळीवर पोचला. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका लागते म्हणून मी व्यवस्थापक. निघायच्या आदल्या दिवशी ज्योतीचे वडील, परसराम, शाळेत आले. हातात टोपी, चप्पल दाराबाहेर. सर आणि मी तिथेच होतो.

"सर, तुमाला सांगून ठिवतो," ते म्हणाले. "पाव्हणे दोनदा येऊन गेलेत. पोरगीला सर्टिफिकेट भेटलं तर मी पाव्हण्याला सांगीन, पोलीस भरती होऊस्तोवर थांबा. तांड्यात कोणी काही म्हणो. पण सर्टिफिकेटच न्हाई आलं, तर मी कशाच्या जिवावर थांबवू?"

वाईट माणूस नव्हता हो. उलट इतर बाप विचारायलाही येत नाहीत. पण हे बोलून त्याने सरांच्या पाठीवर कोणतं ओझं ठेवलं, ते त्याला कळलं नाही. मला कळलं, कारण सरांनी लगेच खिशात हात घातला होता.

राज्यात पहिल्या तिघांत आलं तर तो कागद नोकरीला चालतो. सकाळचा उपांत्य सामना आम्ही हरलो. तो कविता नावाच्या दुसऱ्या मुलीने टाकला होता, कारण तो संघ आमच्या आवाक्याबाहेरचा होता आणि सर ज्योतीचे साठ दुपारसाठी राखून होते. त्या सामन्यात कविताच्या बोटावर चेंडू बसला आणि बोट सुजून वांग्याएवढं झालं. दुपारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना. टाकायला एकटी ज्योती.

सरांना त्या दिवशी रेषेजवळ उभं राहून पोरींना धावायच्या खुणा करायच्या होत्या, म्हणून त्यांनी चिंचोके माझ्याकडे दिले. साठ माझ्या ओंजळीत ओतले आणि म्हणाले, "मॅडम, चुकू नका." मी पर्सचे दोन कप्पे केले. एक चेंडू, एक चिंचोका.

चौथ्या डावात माझा पहिला कप्पा रिकामा झाला. आम्ही एका धावेने पुढे होतो आणि अजून तीन डाव उरले होते. मी उठून रेषेजवळ गेले आणि म्हटलं, "सर, साठ झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. राखीव बाकावर बसलेल्या पोरींकडे पाहिलं. त्यांच्यातली एकही त्या अंतरावरून सरळ चेंडू टाकू शकत नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग पंचांकडे हात करून त्यांनी खेळ थांबवला आणि मैदानात ज्योतीपाशी गेले. मी मागोमाग गेले, का गेले ते माहीत नाही.

"ज्योती," सर म्हणाले, "दुखून राहिलं का?"

तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता.

"न्हाई सर," ज्योती म्हणाली. "टाकते मी."

सर परत फिरले. माझ्याजवळून जाताना इतकंच म्हणाले, "चिंचोके पुन्हा पहिल्या कप्प्यात टाका."

आणि मी टाकले. मी शिक्षिका आहे, व्यवस्थापक म्हणून गेले होते, 'सर, हे बरोबर नाही' एवढे चार शब्द मला येत होते. पण मीही परसरामना पाहिलं होतं, आणि मलाही ते सर्टिफिकेट हवं होतं. सातव्या डावात समोरच्या संघाने बरोबरी केली. सामना लांबला. दुसऱ्यांदा साठ झाले तेव्हा मी उठलेही नाही. पर्स मिटून मांडीवर ठेवली आणि मोजणं सोडून दिलं. आठव्या डावात आम्ही जिंकलो. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. त्या ढिगात ज्योतीचा एकच हात वर होता, डावा.

गावात मिरवणूक निघाली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पोरींच्या फोटोंपेक्षा अध्यक्षांचा मोठा. सत्काराला सर आले नाहीत, ताप आहे असा निरोप पाठवला. ज्योती आली होती. तिच्या वेण्या त्या दिवशी फार नीट होत्या, आणि नंतर कळलं की त्या तिच्या आईने घातल्या होत्या, कारण हात डोक्यापर्यंत जात नव्हता. महिनाभर घरच्यांनी हळदीचा लेप लावला. मग सर तिला नांदेडला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांना आधीच माहीत असणार.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढेच आहे. त्या तिसऱ्या क्रमांकाने सरांची पत वाढली. लोक आपल्या पोरी घेऊन त्यांच्या दारात येऊ लागले. सर प्रत्येकाला तेच सांगत, "दुसरा खेळ बघा. मी साठाच्या पुढं गेलेला मास्तर हाय." लोकांना वाटायचं, माणूस भाव खातोय.

ज्योतीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि पोलीस भरती निघाली. सर्टिफिकेट चाललं. राखीव जागेसाठी अर्ज भरला गेला. परसरामनी शब्द पाळला होता, पाहुण्यांना थांबवून ठेवलं होतं. हिंगोलीला मैदानी चाचणी. ज्योती, सर आणि मी पहाटेच्या गाडीने गेलो. धावण्यात ती सगळ्यांच्या पुढे होती. शंभर मीटरही छान गेलं. तिसरी चाचणी गोळाफेकीची होती.

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. सगळ्या तालुक्याला माहीत असतं, की पोलीस भरतीत गोळा फेकावा लागतो. पण दहावीतल्या त्या दुपारी आम्हाला फक्त कागद दिसत होता. ज्या हाताने कागद मिळवायचा, तोच हात पुढे लागणार आहे, हे बेसबॉलच्या मास्तरालाही सुचलं नाही आणि भूगोलाच्या बाईलाही नाही. भरतीआधी सात-आठ महिने सरांनी तिला डाव्या हाताने गोळा शिकवला होता. रोज सकाळी, एकट्या तिला, तांड्यावर जाऊन. पण एवढ्या वर्षांचा उजवा हात सात महिन्यांत डावीकडे येत नाही. कुंपणाबाहेरून आम्ही पाहिलं. गोळा तिच्या पायापासून थोड्याच अंतरावर पडला. तिन्ही वेळा. त्या चाचणीत तिला गुणच मिळाले नाहीत, आणि खेळाडूंच्या यादीतही तिचं नाव खाली राहिलं.

ती बाहेर आली. रडत नव्हती. फाटकाजवळच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "सर, तुमी नुसतं थांब म्हणला असता, तर मी थांबले असते."

रागाने नाही म्हणाली. एखादी बारीकशी गोष्ट आठवावी तसं म्हणाली. सरांनी मान हलवली.

पुढच्या जूनला सर शाळेत आले नाहीत. नेमणुकीचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीसकट पडून होता, घ्यायला कुणी आलं नाही. पोतं तेवढं क्रीडाखोलीत राहिलं. जवळा बाजारला कापसाच्या एका जिनिंगवर ते राखणीला असतात, असं कुणीतरी सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात ज्योतीचं लग्न झालं. मी गेले होते. हार घालायच्या वेळी नवरदेवाच्या मित्रांनी रिवाजाप्रमाणे त्याला उचलून धरलं, नवरीचा हात पोचू नये म्हणून. मांडव हसत होता. ज्योतीने हार डाव्या हातात गोळा केला आणि वर फेकला. तो त्याच्या छातीला लागून खाली पडला. लोक आणखी हसले, पुन्हा पुन्हा म्हणून ओरडले. परसराम एकदम पुढे आले आणि ओरडले, "उतरवा त्याला! उतरवा म्हणतो ना खाली!" लोकांना कळेना, बापाला काय झालं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, जवळा बाजारच्या थांब्यावर मी वसमतच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सर होते. अंगावर खाकी सदरा, तोंडावर कापसाची धूळ. भांग तसाच वाकडा. आम्ही एकमेकांची तब्येत विचारली. मग ते म्हणाले, "लग्नाला गेलता म्हणं तुमी."

"हो."

"हार कसा घातला तिनं?"

इतक्या सगळ्या लग्नातून त्यांनी तेवढंच विचारलं. मी म्हटलं, "नवरदेव वाकला की. चांगला खाली वाकला."

"चांगलं पोरगं दिसतंय," सर म्हणाले. माझ्याकडे पाहत होते. मी बाजाराच्या पिशव्या नीट करू लागले.

"चिंचोके माझ्याकडेच आहेत सर," मी म्हटलं. "त्या दिवसापासून. पुढच्या बाजाराला आणून देते."

"ठिवा तुमच्याजवळच." मग त्यांनी विचारलं, "तुमचे किती झाले होते मॅडम, त्या दिवशी?"

"मी दुसऱ्या साठानंतर मोजणं सोडलं, सर."

"एकशे एकतीस," ते म्हणाले. "साठाच्या वर एकाहत्तर. मी मोजत होतो."

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी डाव्या हाताने उचलून आत दिली आणि मागे सरकून उभे राहिले. खिडकीतून मी हात केला. त्यांनी केला नाही. त्यांचा हात खिशात होता आणि सदऱ्याच्या कापडाखाली अंगठा हलत होता, थांबून थांबून, एक झाल्यावर एक. तो खिसा रिकामा होता. ते साठच्या साठ माझ्या कपाटात आहेत.